आठ बाय चारच्या टेबलावर बोरघाट : रूळ चढवू नका, जमीन उतरवा

कर्जत ते लोणावळा हे रेल्वेचं अंतर २८ किलोमीटर. तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते. मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, हा घाट जसाच्या तसा करायचा तर ३२२ मीटर रूळ आणि सहा मीटरहून उंच डोंगर लागेल. त्यामुळे घरात होतो तो घाटाचा एक तुकडा : एखादा कडा, एक बोगदा, एक दरी, जमलं तर एक कमानींचा पूल. तुकडा नीट निवडला तर तो बोरघाटच वाटतो. चुकीचा निवडला तर डोंगरावर ठेवलेलं खेळणं.

ही पोस्ट प्लायवूडच्या एका पूर्ण शीटच्या मापाच्या, म्हणजे २४४ × १२२ सेंटिमीटरच्या लेआउटबद्दल (रूळ आणि देखाव्याच्या मांडणीबद्दल) आहे. फ्लॅटमध्ये याहून मोठी जागा बहुतेकांना मिळत नाही, आणि याहून लहान जागेत एचओ कोंबायचा अट्टाहास करू नये. तिथे सरळ एन स्केल, म्हणजे एचओहून लहान स्केल, घ्यावा.

घाटाचा चढ आणि टेबलाचा हिशोब

बोरघाटातला चढ ३७ला १, म्हणजे २.७ टक्के. मॉडेल रेल्वेत ३ टक्क्यांपर्यंतचा चढ चालवून घेतात, म्हणजे खरा चढ कागदावर तरी मॉडेलला मानवतो. अडचण लांबीची आहे. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी खालच्या रुळाच्या डोक्यापासून मोकळी उंची किमान ७६ मिलिमीटर लागते. वर ओव्हरहेड वायर दाखवायची असेल तर ८५ धरा. त्यात वरच्या लाईनचं प्लायवूड, कॉर्क, स्लीपर आणि रूळ मिळवले की एकूण १० सेंटिमीटर होतात. ३७ने गुणलं की ३७० सेंटिमीटर नुसतं चढायला, आणि तेवढंच उतरायला. एकूण ७४० सेंटिमीटर. ५५ सेंटिमीटर त्रिज्येचा लूप या टेबलावर बसवला तर त्याची पूर्ण लांबी भरते ५९० : दोन अर्धवर्तुळांचे मिळून ३४६ आणि दोन सरळ बाजूंचे १२२-१२२. बसत नाही. मग लोक चढ २०ला १ करतात, इंजिन चार वाघिणी घेऊन धापा टाकतं आणि घाटाचा सगळा प्रकल्प माळ्यावर जातो.

खरं तर फोटोतला घाट आठवून पाहा. चढ डोळ्यांना दिसतच नाही. दिसतं ते एवढंच, की एका अंगाला कडा वर गेलाय, दुसऱ्या अंगाला दरी खाली गेलीय आणि मधल्या खाचेतून गाडी चाललीय. म्हणून रूळ जमिनीवरून उचलण्याऐवजी रुळाखालची जमीन काढून घ्यायची. रूळ टेबलाच्या चौकटीपासून २५ सेंटिमीटर उंचीवर ठेवा, पुढची जमीन चौकटीपर्यंत खाली उतरवा आणि मागचा कडा रुळाच्या वर आणखी ३० सेंटिमीटर न्या. एकूण ५५ सेंटिमीटरचा उतार, १:८७ ने जवळपास ४८ मीटर. गाडी मात्र जवळजवळ सपाटीवर धावते.

तरीही बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारं इंजिन, लावायची हौस असतेच, ती रास्त आहे. त्यासाठी एकच खराखुरा चढ ठेवा : पुढच्या दर्शनी अंगाला २२२ सेंटिमीटरमध्ये ६ सेंटिमीटर, मागे डोंगराआड तेवढाच उतार, आणि दोन्हींच्या टोकांना चढ हळूहळू बदलावा म्हणून उरलेली लांबी. सपाटीवरून थेट २.७ टक्क्यांवर घातलेला सांधा म्हणजे हमखास कपलिंग सुटण्याची जागा. हा बदल किमान २५ सेंटिमीटरमध्ये पसरवा.

चौकट

पूर्ण प्लायवूडचं सपाट टेबल करू नका. त्यावर दरी होत नाही, फक्त टेकड्या होतात. १२ मिलिमीटर प्लायचे ७५ मिलिमीटर रुंदीचे पट्टे कापून घ्या : दोन लांब बाजू आणि दर ६१ सेंटिमीटरवर एक याप्रमाणे पाच आडव्या. एकूण ११ मीटर पट्टी. त्यावर रुळाच्या मार्गाखाली दर ४० सेंटिमीटरला एक उभा ठोकळा, म्हणजे पूर्ण लूपला पंधरा. ठोकळ्यांची उंची दर्शनी अंगाला २५ पासून ३१ सेंटिमीटरपर्यंत चढत जाईल. ठोकळे आधी फक्त क्लॅम्पने धरा, लेव्हल लावून चढ तपासा, मगच स्क्रू मारा. या टप्प्यावर अर्धा मिलिमीटर दुरुस्त करायला एक मिनिट लागतं, खडी चिकटवल्यावर पूर्ण रविवार जातो.

रुळाखालची पट्टी एका लाईनसाठी ८ आणि दोन लाईनसाठी १४ सेंटिमीटर रुंद.

प्लाय घेताना दुकानदार आधी आयएस ३०३चं एमआर, म्हणजे ओलावा थोडाफारच सोसणारं प्लाय, दाखवेल. मुंबई-कोकणात ते घेऊ नका. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना लगेच प्रायमर मारा, पाणी कडेतूनच आत शिरतं. उन्हाळ्यात टाकलेले रूळ पावसाळ्यात वाकडे झाले की लोक दोष रुळाच्या प्रसरणाला देतात. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. हलतं ते लाकूड.

टेबलाची उंची १०५ ते ११० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे दरीकडे नजर खालून-बाजूने जाते. हात पुढे आरामात ७०-७५ सेंटिमीटरच पोचतो, त्यामुळे १२२ रुंदीचं टेबल भिंतीला कायमचं चिकटवून चालत नाही. पायांना ब्रेकची चाकं लावा. पुढच्या कडेला ३ मिलिमीटर अॅक्रिलिकची १० सेंटिमीटर उंच पट्टी हवीच. ५५च्या वळणावर रुळाचा मध्य टेबलाच्या कडेपासून फक्त ६ सेंटिमीटरवर येतो आणि तिथून पडलेलं इंजिन थेट फरशीवर जातं.

वळण आणि डबे

सगळ्यात जास्त निराशा इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

डबा वळणावर नीट चालण्यासाठी त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान अडीचपट असावी, बिनधोक चालायला तिप्पट, आणि बरं दिसायला चौपट. आयसीएफ, म्हणजे जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा २१.३ मीटर, एचओत २४५ मिलिमीटर. अडीचपट म्हणजे ६१ सेंटिमीटर. आपल्या टेबलावर ५५च बसतात. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचा डबा, तर २७० मिलिमीटरचा. म्हणजे डेक्कन क्वीनचा रेक या टेबलावर धावेल, पण कुरकुरत, आणि वळणावर डब्यांची टोकं एकमेकांपासून फाकलेली दिसतील.

उलट बॉक्सएन, म्हणजे कोळशाची उघडी वाघीण १०.७ मीटर, म्हणजे १२३ मिलिमीटर. ५५ सेंटिमीटर तिच्या चौपटीहून जास्त. घाट, मालगाडी आणि मागे बँकर हे चित्र खरंही आहे आणि या टेबलाला मापात बसणारंही. दहा-बारा वाघिणींची गाडी दीड मीटरच्या आत राहते.

तरी बोगदे आणि दोन लाईनमधलं अंतर मात्र आयसीएफच्या हिशोबानेच ठेवा, कारण आज ना उद्या कुणीतरी डबा आणतोच. आयसीएफच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) केंद्रांमधलं अंतर १७० मिलिमीटर आणि डब्याची रुंदी ३७. ५५च्या वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला साडेसहा मिलिमीटर झुकतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला सात मिलिमीटर. म्हणजे शेजारच्या दोन गाड्यांना मिळून जवळपास ५१ मिलिमीटर लागतात. पेको स्ट्रीमलाइन या तयार रुळांच्या मालिकेतल्या पॉइंटमधून (गाडीला दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या सांध्यातून) निघणाऱ्या दोन लाईनमधलं अंतर नेमकं ५१ आहे! सरळ भागात ते छान दिसतं, वळणावर डबे घासतात. वळण सुरू होण्याआधी अंतर ६० करून घ्या. तसं केलं की आतली लाईन ४९च्या त्रिज्येची होते. ती मालगाडीलाच ठेवा.

एचओचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटर, तो युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलेला. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १९.३ हवा. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक बाजूने पाहताना कळत नाही, समोरून गाडी येताना पाहिली की कळतो. रूळ, चाकं, पॉइंट सगळं हाताने बनवायची तयारी नसेल तर तो पचवून पुढे जावं.

रूळ टाकणं

फ्लेक्स ट्रॅकची, म्हणजे हवा तसा वळवता येणाऱ्या रुळाची, एक लांबी ९१.४ सेंटिमीटर. मुख्य लूपला सात, सायडिंगसाठी तीन धरून दहा घ्या. कोड १०० आणि कोड ७५ यात कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजारांश भागात : २.५४ आणि १.९ मिलिमीटर. जुनी, खोल फ्लँजची (आतल्या कडेची) चाकं कोड ७५च्या खिळ्यांवर टकटक करतात. गाड्या वेगवेगळ्या ठिकाणच्या, जुन्या-नव्या मिसळलेल्या असतील तर कोड १०० घ्या. खडी आणि गंजाचा रंग लागल्यावर उंची फारशी जाणवत नाही.

रुळाखाली ३ मिलिमीटर कॉर्क. चिकटवायला साधा फेविकॉल. एसआर ९९८ सारखा रबरी चिकटा इथे वापरू नका, कारण पुढे त्याच्याजवळ फोम येणार आहे आणि त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल आणि एक्सपीएस (कड्यासाठीचा घट्ट फोम) दोन्ही विरघळवतं. एका रात्रीत कड्याला भोक पडतं.

वळणावर जोड आला की तिथे कोपरा पडतो. युक्ती सोपी आहे : दोन फ्लेक्स ट्रॅक सरळ ठेवूनच फिशप्लेटने (रूळ जोडायच्या पट्टीने) जोडा, जोड सोल्डर करा आणि मग दोन्ही मिळून वळवा. वळवल्यावर आतला रूळ पुढे सरकून बाहेर येतो, तो कापा. कापलेल्या टोकाला बारीक कानस फिरवा. वरून आणि आतल्या बाजूने. बोटाचं नख रुळाच्या आतल्या कडेवरून सरकवा. जिथे नख अडतं तिथे चाक चढतं.

फिशप्लेटवर विजेसाठी विसंबू नका. नवी असताना ती चालते, एका पावसाळ्यात आत काट धरते. टेबलाखालून १.५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी मुख्य वायर फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिलिमीटरचे दोन फीडर, म्हणजे मुख्य वायरपासून रुळापर्यंतच्या वायरी, द्या. सोल्डर करताना जोडाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, नाहीतर स्लीपरची प्लास्टिकची खिळणी वितळून गेज पसरतो. सगळं जोडून झालं की रुळांवर एक रुपयाचं नाणं टाका. टेबलाच्या कुठल्याही कोपऱ्यात टाकलं तरी कंट्रोलर क्षणात ट्रिप झाला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तो ट्रिप न होता नाणं गरम होत असेल तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे.

बँकरचं गणित

१२३ मिलिमीटरच्या वाघिणीचं वजन अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ९५ ते १०० ग्रॅम येतं. बाजारातली रिकामी वाघीण याच्या निम्मीच भरते, त्यामुळे तळाशी नट किंवा शिसं चिकटवून वर कोळशाचा थर द्या. कोळसा खराच कुटून घाला, काळा रंगवलेला भुसा लगेच ओळखू येतो.

आता बारा वाघिणी म्हणजे साधारण ११६० ग्रॅम. चढाचे २.७ टक्के, ५५च्या वळणाचे अंदाजे दीड टक्का, चाकांच्या घर्षणाचे दोन टक्के : हे सगळं ओढायला ७० ग्रॅमच्या वर जोर लागतो, शिवाय इंजिनाला स्वतःला चढायचं असतं. सगळी चाकं फिरणारं ३५० ग्रॅमचं इंजिन आपल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकं ओढतं, म्हणजे ७० ते ८७ ग्रॅम. एवढ्यावर चढाच्या मध्यावर त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणजे कर्जतला मागे इंजिनं जोडावी लागतात ती गरज टेबलावरही आपोआप उभी राहते. हा योगायोग फार सुखाचा आहे. बाकी कुठल्याच लेआउटवर बँकर इतका कामाचा ठरत नाही.

दोन्ही इंजिनांचा वेग जुळवणं आवश्यक. एकाच व्होल्टेजवर दोघांना लूपवर फूटभर अंतराने सोडा आणि एका फेरीनंतर अंतर बघा. साध्या डीसीवर जुळत नसतील तर वेगळी जोडी शोधा. डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) इंजिनातल्या सेटिंगपैकी सीव्ही २, ६ आणि ५ म्हणजे सुरुवातीचं, मधलं आणि सर्वोच्च व्होल्टेज बदलून जुळवता येतं. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित हळू ठेवा. चढावर पुढचं भाराने मंदावतं आणि मागचं आपसूक ढकलू लागतं. मागचं जास्त वेगवान असेल तर वाघिणी दाबल्या जाऊन वळणावर बाहेर उडतात. फारच हळू असेल तर गाडी ताणली जाऊन मधल्या हलक्या वाघिणी आतल्या बाजूला आडव्या होतात. गाडी कुठल्या बाजूला पडली यावरून कोणतं इंजिन चुकतंय ते सांगता येतं.

कोणत्या काळातला घाट करायचा तेही इथेच ठरवा. १५०० व्होल्ट डीसीच्या काळात डब्ल्यूसीजी-२ हे विजेचं इंजिन, २५ केव्ही एसी आल्यानंतर डब्ल्यूएजी-७. दोन्ही एकत्र शोभत नाहीत.

आणखी एक गोष्ट घाटाला हवीच : कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर तिला डोंगराकडे चढणाऱ्या बंद लाईनवर घ्यायचं. ४० ते ५० सेंटिमीटर लांबीची, मुख्य लाईनपासून वर चढत जाणारी, शेवटी वाळूचा ढीग. पॉइंट नेहमी सायडिंगकडे लावलेला आणि गाडी थांबून तपासल्यावरच मुख्य लाईनला फिरवायचा. हा नियम टेबलावर पाळला की गाडी नुसती गोल फिरत राहत नाही, चालवणाऱ्याला काम मिळतं.

इथपर्यंत झालं की थांबा. दोन-तीन आठवडे उघड्या लाकडावरच गाड्या चालवा, उलट्या, ढकलत, पूर्ण लांबीच्या. डोंगर रचल्यावर रूळ दुरुस्त करणं म्हणजे डोंगर फोडणं.

कातळ

बाजारात दगडाचे रबरी साचे मिळतात, ते बहुतेक आल्प्स किंवा रॉकीज डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात : तिरपे, घड्या पडलेले थर. सह्याद्रीत ते खपत नाहीत. इथला बेसाल्ट लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. उभा कातळ, मग झाडीचा पायरीसारखा टप्पा, पुन्हा कातळ. उभ्या भेगा आणि आडव्या रेषा, तिरपं काही नाही. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी-तांबडी पट्टी दिसते. ती मॉडेलवर ६ ते १० मिलिमीटर जाडीची, पूर्ण डोंगरात एकच आणि पातळीत द्या. दोन-तीन दिल्या की केक होतो.

कड्यासाठी ५० मिलिमीटर जाडीचं एक्सपीएस, म्हणजे छताच्या उष्णतारोधनासाठी मिळणारी निळी किंवा गुलाबी शीट. दाण्यांचा पांढरा थर्माकोल कोरला की गोळे सुटतात, आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदीही आहे. थर आडवे रचा, कटरने उभे तुकडे मोडून काढा (कापू नका, मोडा) आणि तारेचा ब्रश आडवा ओढा. तुटलेला पृष्ठभाग कापलेल्यापेक्षा नेहमी खरा दिसतो.

उतारांसाठी पुठ्ठ्याच्या अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्यांची जाळी हॉट ग्लूने विणा, त्यावर चुरगळलेला कागद, त्यावर प्लास्टरची पट्टी. हाड मोडल्यावर घालतात तीच, औषधाच्या दुकानात मिळते. १५ सेंटिमीटर × २.७ मीटरचा रोल एका थराला ०.४ चौरस मीटर पुरतो. दोन थर आणि कडा एकमेकांवर चढवणं धरलं तर एक चौरस मीटर उताराला सहा-सात रोल लागतात. वरून हात फिरवायला प्लास्टर ऑफ पॅरिस कालवाल तेव्हा पाण्यात प्लास्टर घाला, प्लास्टरमध्ये पाणी नाही. साधारण दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. एका वेळी वाटीभरच.

आणि हो, दिवाळीच्या किल्ल्याची सवय इथे अंगाशी येते. खरी माती थेट लावायचा मोह होतो. ती ओली असताना जड, सुकल्यावर भेगाळलेली. माती फक्त वरचा पातळ थर म्हणून वापरा : कढईत भाजून, मैद्याच्या चाळणीने चाळून आणि कागदाखालून चुंबक फिरवून. चुंबकाला काळी पूड चिकटलेली दिसेल. हेच लोहकण इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात, म्हणून हा टप्पा गाळू नका.

रंग : दोन भाग काळा, एक भाग रॉ अंबर (मातकट तपकिरी), एक भाग पांढरा. निव्वळ काळा लावू नका, घरातल्या उजेडात तो भोक वाटतो. सुकल्यावर अर्ध्या लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चमचाभर काळी शाई घालून ती वरून सोडा, भेगांत उतरते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट राखाडी घेऊन फक्त उंचवटे पुसा. पाणी जिथून ओघळतं तिथे उभे काळे-हिरवे पट्टे.

आजचा घाट करत असाल तर रुळालगतच्या कड्यावर दरडीसाठी लावलेली लोखंडी जाळी दाखवा. पडद्याच्या सर्वात बारीक जाळीचा तुकडा राखाडी रंगवून कड्यावर ताणायचा आणि चार-पाच ठिकाणी पिनच्या डोक्यांनी धरायचा. पाच मिनिटांचं काम, पण घाटातून नेहमी जाणारा माणूस आधी तिथेच बोट ठेवतो.

हिरवळ

ऋतू एकच ठरवा. जुलै किंवा एप्रिल. जुलैत धबधबे, काळे ओले कातळ, कड्यावरही गवत. एप्रिलमध्ये पिवळं गवत, निष्पर्ण साग, धुळीचे रूळ. एप्रिल करायला सोपा, जुलै बघायला छान. बहुतेक जण जुलै करतात आणि एकच हिरवा रंग सगळीकडे फासतात. किमान चार हिरवे हवेत : गवताचा पोपटी, कारवीचा गडद, मोठ्या झाडांचा काळपट आणि शेवाळ्याचा पिवळट.

गवतासाठी स्टॅटिक ग्रासचे तंतू. २ मिलिमीटर म्हणजे १७ सेंटिमीटर उंचीचं गवत, ४ म्हणजे ३५, ६ म्हणजे अर्धा मीटर. रुळाजवळ २, उतारावर ४ आणि ६ मिसळून. तंतू उभे राहण्यासाठी स्थिरविद्युत लागते. बरेच जण डास मारायच्या रॅकेटचं सर्किट काढून एक टोक लोखंडी गाळणीला आणि दुसरं ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला जोडतात. चालतं, पण त्यातलं व्होल्टेज हजाराच्या वर असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. हाताळण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. फेविकॉल पावसाळी हवेत हळू सुकतो, पण लावल्यापासून पाच मिनिटांत तंतू पडले नाहीत तर वर साय धरते आणि गवत आडवं झोपतं. एका वेळी वहीच्या पानाएवढीच जागा घ्या.

झाडं घेताना पाकिटातले पाइन आणि ओक घेऊ नका. जुन्या वायरची तांब्याची तार पिळून खोड-फांद्या, त्यावर लांबीचा (पुट्टीचा) हात, आणि पानांसाठी भांडी घासायचा हिरवा स्क्रब फाडून किंवा घोसाळ्याची सुकी जाळी. दहा मीटरचं झाड साडेअकरा सेंटिमीटरचं होतं. खरी फांद्यांची झाडं पुढच्या दोन रांगांनाच पुरेत, मागे नुसते फोमचे गोळे दाटीने लावा, चौरस फुटाला तीस-पस्तीस. घाटात झाडांमधून जमीन दिसत नाही.

सुकं गवत, बिया, काड्या पावसाळ्यात बुरशी धरतात. मॅट वार्निश मारल्याशिवाय त्या लावू नका. चिकटवायला मैद्याची खळ तर नकोच, झुरळांना आमंत्रण. किड्यांसाठी फेविकॉलमध्ये बोरॅक्स घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, फेविकॉलचा रबरासारखा गोळा होतो.

खडी आणि पाणी

रेल्वेची ६५ मिलिमीटरची खडी एचओत पाऊण मिलिमीटरची. दगडाची चुरी अर्धा ते एक मिलिमीटरच्या मध्ये चाळून घ्या. मीटरभर रुळाला १००-१२५ मिलिलिटर पुरते. सुक्या ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवा, ड्रॉपरने आधी अल्कोहोल सोडून भिजवा, मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचा थेंब. आधी भिजवलं नाही तर चिकटा थेंबाथेंबाने वर उभा राहतो आणि खडीत खड्डे पाडतो. पॉइंटच्या हलत्या पात्यांखाली खडी नको. तिथे आधी तेलाचा एक थेंब सोडा, चिकटा पोचला तरी धरत नाही. रुळांच्या बाजू खडीआधीच गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि डोकं लगेच पुसा.

धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या शीटवर लांब रेषांत ओढा, सुकलं की सोलून कड्यावर लावा आणि फक्त कंगोऱ्यांवर पांढरा रंग. घेताना न्यूट्रल क्युअर सिलिकॉन बघून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि जवळच्या तांब्याच्या वायरी हिरव्या पडतात. खालच्या डोहासाठी एपॉक्सी रेझिन ३ मिलिमीटरच्या थरांत ओता. पाऊस सुरू असताना ओतू नका, दमट हवेत ते दुधाळ होतं.

बोगदा, खांब आणि निगा

बोगद्याची आतली उंची रुळाच्या डोक्यापासून ८५ आणि वळणावरची रुंदी ६० मिलिमीटर. तोंड घडीव दगडाचं : ५ मिलिमीटर एक्सपीएसवर बोथट पेन्सिलीने ४-५ मिलिमीटर उंचीच्या रांगा दाबा. आत पहिले १५ सेंटिमीटर अस्तर द्या आणि काळपट रंगवा, त्यापुढे कुणाची नजर जात नाही. बोगद्यावरचा डोंगर मात्र चिकटवू नका. तो एक्सपीएसचा वेगळा उचलता येणारा ठोकळा असू द्या आणि सांधा झाडीने लपवा. गाडी उघड्यावर शंभर फेऱ्या मारते आणि घसरते ती बोगद्यातच.

ओव्हरहेडच्या खांबांमधलं अंतर रेल्वेत २७ ते ७२ मीटर असतं. वळणावर कमी. मॉडेलवर वळणात ३१ सेंटिमीटरला एक खांब बरोबर वाटतो. वायर ६४ मिलिमीटर उंचीवर येते. खरं सांगायचं तर या टेबलावर वायर ओढू नये. रूळ पुसताना पहिल्याच आठवड्यात तुटते. खांब आणि ब्रॅकेट पुरेत, डोळा बाकीचं भरून काढतो. इंजिनाच्या छतावरचा पेंटोग्राफ (वायरला टेकणारा सांगाडा) मात्र ६४ला अडेल असा दोऱ्याने बांधून ठेवा.

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपरने नाही, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. धूळ काढायला व्हॅक्यूमच्या तोंडावर जुना नायलॉनचा मोजा ताणून बांधा, म्हणजे सुटलेली झाडं आणि सिग्नलचे हात पिशवीत न जाता मोज्यावर अडकतात. जून ते सप्टेंबर टेबल सुती चादरीने झाका. प्लास्टिकने झाकलं तर आत दमट हवा कोंडते आणि रूळ काळे पडतात.